डी हूपच्या किनाऱ्यावरून व्हेलदर्शन

दक्षिण आफ्रिकेत व्हेल पाहायचे तर बहुतेक पर्यटक हर्मानसला जातात आणि केप टाऊनहून ते सोयीचेही पडते. मात्र एखादा मुक्काम वाढवणे शक्य असेल, तर ब्रेडासडॉर्पच्या पुढचे डी हूप अभयारण्य निवडावे, असे आमचे ठाम मत झाले आहे. येथे बोटीची गरजच पडत नाही.

केप टाऊनहून मोटारीने साधारण तीन-साडेतीन तास लागतात. गाडी आपल्याप्रमाणेच डावीकडून चालवायची असली, तरी शेवटचा टप्पा खडीचा आहे आणि वळणावर चाके घसरतात, त्यामुळे वेग आवरता ठेवावा. पेट्रोल आणि खाण्याचे सामान ब्रेडासडॉर्पलाच भरून घ्यावे. फाटक संध्याकाळी बंद होते, म्हणून दुपारीच पोहोचावे.

व्हेल दिसतात ते कोपी आलीन या ठिकाणी. वाहनतळापासून पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांमधून लाकडी फळ्यांची वाट समुद्राकडे उतरते. सदर्न राइट व्हेल जून ते नोव्हेंबर या काळात विणीसाठी या किनाऱ्याला येतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत चांगला. आम्ही उभे होतो तिथून एक मादी आणि तिचे पिल्लू लाटा फुटतात त्याच्या जेमतेम पलीकडे संथपणे तरंगत होते. या जातीच्या पाठीवर पर नसतो आणि तिचा फवारा दोन फाट्यांनी वर उडतो, एवढे लक्षात ठेवले की ओळख पटते. दुर्बिणीतून पाहिले, तर डोक्यावरचे खडबडीत, पांढुरके चट्टे स्पष्ट दिसतात. प्रत्येक व्हेलच्या चट्ट्यांची ठेवण वेगळी असते आणि तिच्याच आधारे, 1979 पासून दरवर्षी हवाई छायाचित्रे घेऊन, संशोधक एकेका मादीची नोंद ठेवत आले आहेत. अलीकडे दोन विणींमधले अंतर वाढल्याचे याच नोंदींतून कळले. दक्षिणेकडील समुद्रातल्या खाद्यात झालेल्या बदलांशी संशोधक त्याचा संबंध जोडतात. समोरच्या त्या पिल्लाकडे पाहताना ही गोष्ट मनाला फार लागली.

येथील समुद्रही संरक्षित असून मासेमारीला बंदी आहे, शंखशिंपलेही उचलू नयेत. ओहोटीची वेळ आधी पाहून खाली कातळावर उतरावे. खळग्यांत साचलेल्या पाण्यात समुद्रफुले आणि तारामासे सहज दिसतात आणि लाल चोचीचे काळे कालवफोडे जोडीने फिरत असतात. वारा बोचरा असतो, त्यामुळे भर उन्हातही जाड जाकीट जवळ असू द्यावे.

पूर्वेकडील पॉटबर्गच्या कड्यांवर केप गिधाडांची वसाहत आहे. पश्चिम केप प्रांतात त्यांची वीण आता केवळ येथेच होते. तिच्यासाठी अर्धा दिवस वेगळा राखावा. मुक्कामाच्या खोल्या मोजक्याच असल्याने व्हेलच्या हंगामाचे आरक्षण काही महिने आधी करून ठेवणे श्रेयस्कर.