स्तोत्र १३०, नोंद ५: आमचा पंचम कुठे हरवतो ते सापडलं

आमच्या चर्चच्या आठ जणांच्या गायनमंडळासाठी बायबलमधलं स्तोत्र १३० मराठीत बसवतोय, त्याची ही पाचवी नोंद. रविवारी तोंडघशी पडलो. तीन कडवी नुसत्या गळ्यांवर आणि चौथ्याला पेटी, असं ठरलं होतं. पेटीच्या पांढरी चार पट्टीवर निघालो. पेटीवाल्याने भाता उघडला तेव्हा आम्ही अर्धा स्वर खालच्या पांढरी तीनच्या उंबरठ्यावर उभे होतो. पहिल्या बाकावरच्या आजोबांनी डोळे घट्ट मिटून घेतले, आणि ते भक्तीने नव्हतं. स्तोत्र खोल जागेतून धावा करण्याचं आहे. आम्ही धावा करता करता खोलात गेलो.

मागच्या नोंदीतलं आधी उरकतो. टेनरचा (पुरुषांचा वरचा आवाज) वरचा सा आता ओरडल्यासारखा येत नाही. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत होती, तो नाद सोडला. स्वरांची प्रिंट काढतो आणि शब्द खाली हाताने लिहून झेरॉक्स मारतो. आठ जणांसाठी एवढं पुरतं.

आता मूळ दुखणं. सहाव्या वचनासाठी बांधलेला अभंग आठवत असेलच:

पहाटेची वाट। जागल्या पाहतो।
तैसा मी जागतो। तुझ्यासाठी॥

मूळ हिब्रूत पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचे शब्द लागोपाठ दोनदा येतात. म्हणून मीही 'जागल्या पाहतो' दोनदा घेतलं, त्याच कॉर्डांवर (एकत्र गायच्या स्वरगुच्छांवर): सा, मग धचा मायनर, रेचा मायनर, प, परत सा. तीनही कडव्यांना हीच ओळ धृपदासारखी येते, म्हणजे एकूण सहा वेळा. हौसेने केलेली ही पुनरुक्तीच अंगाशी आली.

आधी वाटलं, सोप्रानो, म्हणजे बायकांचा वरचा आवाज गाणाऱ्या, दमतात. मग वाटलं, श्वास. बुधवारी फोनवरचा तानपुरा लावून गायलो तर आणखी वाईट: 'ल्या'वर सगळं घासायला लागलं. (फोनचे तानपुरे सरावाला ठीक, पण छोट्या स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही, जुनी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी परवडली.) शेवटी रेकॉर्डिंग घरी आणलं आणि ट्यूनर लावून एकेक ओळ मोजली. बाकी ओळींत सूर जवळपास जागेवर. प्रत्येक 'जागल्या पाहतो'नंतर मात्र एक पायरी खाली, आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी एकूण घसरण ८० सेंट. १०० सेंट म्हणजे अख्खा अर्धा स्वर.

कागद घेऊन बसलो तेव्हा उजेड पडला. आपण कानाने शुद्ध जुळवून गातो, पेटीसारखं सप्तक बारा समान भागांत वाटून नाही. धच्या कॉर्डमधला ध साच्या कंपनसंख्येच्या ५/३ पटीवर बसतो. रेच्या कॉर्डमध्ये तोच ध तसाच धरून ठेवला, तर त्याच्याशी पंचमभावाने जुळणारा रे येतो १०/९, म्हणजे त्रिश्रुती, तीन श्रुतींचा उतरता रे (श्रुती म्हणजे स्वरांमधलं सूक्ष्म अंतर). मग तो रे धरून पच्या कॉर्डवर गेलो की प येतो ४०/२७, आणि खरा प तर ३/२. फरक ८१:८०, सुमारे २१.५ सेंट. कोणी बेसूर गात नाही, सगळे एकमेकांशी चोख जुळतात आणि सगळे मिळून खाली जातात! सहा वेळांचा हिशेब १२९ सेंट होतो. आम्ही ८०वर थांबलो ते बहुधा मूळ सा थोडाफार आठवत राहतो म्हणून.

आणि गंमत बघा. भरताच्या नाट्यशास्त्रात ग्राम म्हणजे सात स्वरांची मूळ मांडणी, आणि त्यात मध्यमग्रामाचा पंचम षड्जग्रामाच्या पंचमापेक्षा एका श्रुतीने उतरवलेला आहे, ती प्रमाणश्रुती. तिचा हिशेबही सहसा ८१:८० असाच मांडतात. म्हणजे आम्ही नकळत दर ओळीला ग्राम बदलत होतो.

पहिला उपाय, रेच्या मायनरच्या जागी मचा मेजर. घसरण थांबली, पण ओळीतला जीव गेला. जागल्या एकदम सुट्टीवर निघाल्यासारखा वाटायला लागला. काढून टाकला.

दुसरा उपाय आमच्या आल्टोतल्या (बायकांचा खालचा आवाज) काकूंनी दिला. त्या लहानपणी रीतसर शास्त्रीय शिकलेल्या. मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होतो, त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, मग 'पा'वर रे जरा चढा घ्या, एवढंच सांग ना! ती खडूची धूळ कशाला?" खरंच एवढंच होतं. 'ल्या'वरचा उतरता रे 'पा'वर तसाच धरायचा नाही, नव्याने आणि किंचित चढा लावायचा. काल तिसऱ्या कडव्याच्या शेवटी घसरण १८ सेंट! इतक्यावर पेटी आली तरी आजोबांचे डोळे उघडे राहतील.

हे लिहितानाच एक सुचलं. उरलेले १८ सेंट गळ्याने का मारायचे? १७०७ मध्ये जर्मनीतल्या म्युलहाउझेनमध्ये २२ वर्षांच्या संगीतकार बाखने याच स्तोत्रावर कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची मोठी रचना, केला (बाखच्या रचनांच्या यादीत बीडब्ल्यूव्ही १३१), तो तिथल्या आइलमार नावाच्या पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) सांगण्यावरून. त्यात सहावं वचन टेनर गातो आणि त्यावर आल्टो संथपणे दुसऱ्याच एका भक्तिगीताचं कडवं धरते. ते आम्हाला पेलणारं नाही, निदान या वर्षी नाही. पण पाळकाला रचनेत ओढायचं हे पेलेल. आपल्या ख्रिस्ती कीर्तनात निरूपण आणि गाणं एकमेकांत गुंफलेलंच असतं. मग पाळकांचा संदेश (प्रवचन) शेवटी सलग कशाला? चौथ्या वचनातल्या क्षमेपाशी आम्ही थांबू, पाळकसाहेब बोलतील, त्यांचं बोलणं संपता संपता पेटी हळूच सा देईल आणि आम्ही पाचव्या वचनातल्या प्रतीक्षेला लागू. त्यांचा मुद्दाही तिथेच आहे: जागल्या पहाट आणत नाही, तिच्या भरवशावर जागा राहतो.

म्हणजे सहाव्या नोंदीत जो कोडा (रचनेचा शेवटचा तुकडा) लिहिणार होतो तो बाद. उत्तम शुक्रवारला (गुड फ्रायडेला) तीन आठवडे आहेत आणि बेसचं (पुरुषांच्या खालच्या आवाजाचं) दुसरं पान परत लिहायचंय.

आत्ताच पाळकसाहेबांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तुमचा सा सापडेपर्यंत मी बोलायचं?"

म्हटलं, "सात मिनिटं पुरे होतील, साहेब."