बोर्ड चढवण्याआधी वरून पाणी सोडा

फॉल्स सीलिंगच्या कामात मालकाला घाई सुटते ती सांगाडा उभा राहिल्यावर. चॅनेल लागली, वायरी लोंबायला लागल्या, की त्याला वाटतं आता काय, बोर्ड ठोकले की झालं. या बेसमेंटचे मालकही तसेच. ‘‘आजच बंद करून टाका,’’ म्हणाले. मी म्हटलं, आधी वर पाणी सोडू.

स्वयंपाकघराच्या सांडपाण्याचा पाइप नेमका आमच्या सांगाड्यावरून जात होता. प्लंबरने नळ सोडून दाखवला. सगळं कोरडं. पण नळाच्या धारेने पाइपचा तळ तेवढा भिजतो. सांधा वरच्या अंगाला उघडा असेल तर त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून सिंक काठोकाठ भरून बूच एकदम काढायला लावलं आणि खाली एकेका सांध्यावर टिश्यू पेपर फिरवला. बेंडपाशी कागद भिजला. पाणी तिथे ठिबकत नव्हतं, पाइपच्या पोटावरून ओघळत हातभर पुढे जाऊन मग पडत होतं. उद्या सीलिंगला डाग पडला असता तर कुणीतरी भलताच बोर्ड फोडून बसलं असतं.

मालक पुढे घाईचं काही बोलले नाहीत. प्लंबरने बेंड बदलला, पण नवा जरा खाली आला आणि त्यापायी एक चॅनेल बाजूला सरकवावं लागलं. ते सरकलेलं चॅनेल नंतर आडवं आलं.

त्याआधी टेप धरून सगळ्या सांगाड्याचे फोटो काढले. हे मी कुठल्याही कामात चुकवत नाही. मग 12.5 मिमीचे ओलावा सोसणारे जिप्सम बोर्ड, सांधे एका रेषेत न आणता. स्क्रूचं डोकं बोर्डावरच्या कागदात किंचित दबलं पाहिजे, कागद फाटता कामा नये. फाटला तर त्या स्क्रूची पकड गेलीच समजा.

दिव्यांच्या जागा जमिनीवर आखून लेझरने वर घेतल्या होत्या. दोन दिव्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं भिंतीपासून, हा आमचा साधा हिशेब. आता नवीन पोरगा होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, घेऊन शिडीवर चढलाच होता. त्याला थांबवलं. प्रत्येक खुणेवर आधी बारीक भोक पाडायचं, त्यातून काटकोनात वाकवलेली तार आत घालून गोल फिरवायची. तार मोकळी फिरली तर जागा रिकामी. एका ठिकाणी ती टक्‌ करून अडली: तेच चॅनेल. काही जण अशा वेळी चॅनेलच कापतात, मग महिन्याभरात तिथला सांधा तडकतो. एकच दिवा सरकवला तर रांग वाकडी दिसणार, म्हणून सगळी रांगच चार बोटं सरकवली. भोकं बारीकच होती, पुट्टीत बुजली.

खरा वाद झाला तो झडपेवरून, म्हणजे सीलिंगमध्ये ठेवायच्या उघडत्या झाकणावरून. वरच्या नळाचा कॉक सीलिंगच्या आत जात होता आणि मालकांना छताला चौकोन नको होता. मी अडून बसलो. शेवटी माळ्याकडच्या कोपऱ्यात, दिव्यांच्या रांगेपासून दूर, झडप ठेवायचं ठरलं. मोजमापांचा कागद तिच्या आतल्या बाजूला चिकटवला. मालकांनी त्यावर प्लंबरचा नंबरही लिहून घेतला.