व्हॉल्व्ह विकत का घेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात आमचा हौशी गट अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणाऱ्या लहान रॉकेट इंजिनांच्या चाचण्या घेतो, हे कळले की भोसरीत लेथचे वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या मामांपासून सगळे एकच विचारतात: बाजारात हव्या त्या मापाचा बॉल व्हॉल्व्ह मिळत असताना तो स्वतः घडवण्यात सहा-सहा महिने का घालवता?

बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक असलेला गोळा असतो आणि व्हॉल्व्ह बंद केला की त्या भोकात थोडा द्रव अडकून राहतो. पाण्याने काही बिघडत नाही. पण उणे 183 अंश सेल्सिअसला उकळणारा ऑक्सिजन तिथे अडकून तापू लागला, तर मोकळ्या हवेत सुमारे 860 पट जागा घेणारा तो वायू चमचाभर पोकळीत कोंडला जातो आणि व्हॉल्व्हचे कवच फोडू शकतो. म्हणून अडकलेला वायू टाकीकडे परत जावा यासाठी आम्ही गोळ्याला टाकीच्या बाजूने 2 मिलिमीटरचे छिद्र पाडतो. अतिशीत द्रवांसाठी विकत मिळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये ही सोय असते हे खरे. परंतु दांड्याभोवतीचे, गळती रोखणारे पॅकिंग गारठू नये म्हणून त्यांचा गोळा फिरवणारा दांडा मुद्दाम लांब ठेवलेला असतो, आणि 15 सेंटिमीटर व्यासाच्या रॉकेटमध्ये तेवढी जागाही नसते आणि तेवढे वजनही परवडत नाही.

दांडा आखूड केला की थंडीशी थेट गाठ पडते. द्रवरूप ऑक्सिजनच्या तापमानापर्यंत येताना गोळ्याला टेकून गळती रोखणारे 25 मिलिमीटर व्यासाचे टेफ्लॉनचे कडे सुमारे अर्ध्या मिलिमीटरने आक्रसते, तर स्टेनलेस स्टील त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकेच. त्यामुळे टेबलावर थेंबही न गळणारा व्हॉल्व्ह गारठल्यावर गळू लागतो. कड्यामागे स्प्रिंग वॉशर बसवून ते गोळ्यावर सतत दाबून ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि त्या वॉशरचा जोर ठरवण्यातच आमचा सर्वाधिक वेळ जातो, कारण जोर कमी पडला तर गळती होते आणि जास्त झाला तर गोळा फिरतच नाही. आमचा पहिला व्हॉल्व्ह मात्र वेगळ्याच कारणाने अडकला: हवेतली वाफ दांड्याच्या फटीत गोठून बसली होती. डेन्मार्कच्या कोपनहेगन सबऑर्बिटल्स या हौशी गटाचा 2010 मधला प्रक्षेपणाचा प्रयत्न ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह गारठून अडकल्यामुळेच फसला होता. तो उबदार ठेवण्यासाठी त्यांनी हेअर ड्रायर लावला होता. आम्ही आता दांड्याभोवती कोरडा नायट्रोजन खेळता ठेवतो.

या सगळ्यापेक्षा मला वेळेचा प्रश्न मोठा वाटतो. आमच्या इंजिनात सेकंदाला साधारण 400 ग्रॅम अल्कोहोल जाते. ऑक्सिजन सेकंदाचा विसावा भाग जरी उशिरा आला, तरी 20 ग्रॅम अल्कोहोल ज्वलनकक्षात साचते आणि ते एकदम पेटले तर कक्ष फुटू शकतो. दोन मोटरींवर हा मेळ सोपवण्याऐवजी आम्ही दोन्ही गोळे एकाच दांड्यावर चढवले आहेत, त्यांच्या कोनात काही अंशांचा फरक ठेवून कोणी आधी उघडायचे तेही पक्के केले आहे, आणि नायट्रोजनच्या दाबावर चालणारा एकच सिलिंडर तो दांडा फिरवतो. ही कल्पना मुळात आमची नाही. अपोलो चांद्रयानाच्या सर्व्हिस मॉड्यूलच्या (मुख्य इंजिन असलेल्या भागाच्या) इंजिनातही नायट्रोजनच्या दाबावरचा एकेक अ‍ॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणारी यंत्रणा) इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळणारा द्रव) यांच्या बॉल व्हॉल्व्हची जोडी एकत्रच उघडत असे. मात्र तिथले दोन्ही द्रव साध्या तापमानाला राहणारे होते. आमच्याकडे उणे 183 अंशांच्या ऑक्सिजनशेजारी उणे 114 अंशांना गोठणारे अल्कोहोल आहे, म्हणून दांड्याच्या मध्यभागी उष्णता फारशी न वाहणारा फायबरग्लासचा तुकडा जोडावा लागला. अशी जोडी मला कोणत्याही कॅटलॉगमध्ये सापडली नाही.

वीज गेली तर स्प्रिंगने दोन्ही व्हॉल्व्ह बंद व्हावेत आणि टाकीचा व्हेंट, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी वाट, उघडावा, हेही पहिल्या रेखाटनापासूनच ठरवावे लागते. ऑक्सिजनच्या बाजूला तेलकट बोटाचा ठसासुद्धा पेटू शकतो, त्यामुळे प्रत्येक भाग धुऊन, हातमोजे घालूनच जोडतो. नंतर संपूर्ण जोडणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे ऑक्सिजनपेक्षाही 13 अंशांनी थंड, बुडवून 50 वेळा उघडबंद करतो आणि दर वेळी लागलेला वेळ वहीत टिपतो. सध्याची जोडी पहिल्या वेळी 90 मिलिसेकंदांत उघडली आणि पन्नासाव्या वेळी तिला 130 लागले. ते 40 मिलिसेकंद कुठे गेले हे शोधण्यासाठी ती आत्ता माझ्यासमोर सुटी करून ठेवलेली आहे.