खुल्या जर्नलचं जतन: ओजेएस, पीकेपी पीएन आणि मराठी फॉन्टची भानगड

डीओआय (ऑनलाइन लेखाचा ओळख-क्रमांक) मिळाला की शोधनिबंध कायमचा टिकला, असा समज अनेक संपादक मंडळांत घट्ट बसलेला आहे. डीओआय ही फक्त नोंद असते: या क्रमांकाचा लेख सध्या या पत्त्यावर आहे. पत्ता बदलला आणि डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेला कळवलं नाही तर दुवा तुटतो. सर्व्हरच बंद पडला, तर डीओआय लेख आणणार कुठून? संशोधक मार्टिन पॉल ईव्ह यांनी ७४,३८,०३७ डीओआय तपासून २०२४ साली निष्कर्ष मांडले. त्यांतले सुमारे २८ टक्के लेख कुठल्याच मान्य संग्रहात सापडले नाहीत.

मोठे प्रकाशक पोर्टिको किंवा क्लॉक्स या जतन-संग्रहांना पैसे भरतात. अडचण आहे ती लेखकांकडून शुल्क न घेणाऱ्या, एखाद्या विभागानं दोन-तीन माणसांवर चालवलेल्या जर्नलची. लाक्सो, मथायस आणि यान यांच्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळात वेबवरून नाहीशी झालेली १७४ खुली (कुणालाही मोफत वाचता येणारी) जर्नलं सापडली. कारणं नेहमीचीच. संपादक निवृत्त होतो, डोमेनचं नूतनीकरण राहतं, संस्थेची वेबसाइट 'नवी' होते आणि जुना फोल्डर कुणी उचलतच नाही.

रोजचा बॅकअप म्हणजे जतन नव्हे. बॅकअप बिघडलेली फाइलही इमानेइतबारे नकलून ठेवतो. स्टॅनफर्डमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या लॉक्स या जतन-प्रणालीची रीत वेगळी आहे. वेगवेगळ्या ग्रंथालयांतली यंत्रं आपापल्या प्रतींचे चेकसम (फाइलवरून काढलेले पडताळणीचे आकडे) एकमेकांशी ताडून पाहतात. एखादी प्रत बहुमताशी जुळली नाही, तर ती इतरांकडून दुरुस्त करून घेतली जाते.

ओजेएस (जर्नल चालवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या जर्नलला हीच सोय ते बनवणाऱ्या पीकेपीच्या प्रिझर्व्हेशन नेटवर्कमार्फत (पीकेपी पीएन) फुकट मिळते. अंकाची किंवा काही लेखांची बॅगइट या ठरीव पद्धतीची गाठोडी तयार होते. तिच्या आत फाइली आणि प्रत्येक फाइलच्या चेकसमची यादी असते. प्लगइन गॅलरीतून पीकेपी पीएन प्लगइन बसवायचं, ते सुरू करून अटी मान्य करायच्या, बस. आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) नोंदवलेला हवा आणि निदान एक लेख प्रसिद्ध झालेला हवा.

एवढं करूनही प्लगइनच्या स्थितीच्या पानावर महिनोन्महिने काहीच हलत नाही, अशी वेळ येते. पहिला संशय सर्व्हरच्या क्रॉनवर, म्हणजे आपोआप कामं चालवणाऱ्या वेळापत्रकावर घ्यावा. ठरावीक वेळची कामं चालत नसतील तर प्लगइन कधी जागंच होत नाही. त्यानंतर पीएचपीचं झिप एक्स्टेन्शन पाहावं. स्वस्त होस्टिंगवर ते बंद असू शकतं. मोठ्या अंकांना मेमरी कमी पडते, कारण पीडीएफ बेस६४ (फाइल साध्या अक्षरांत मांडण्याची रीत) करून एक्सएमएलमध्ये कोंबली जाते आणि आकार एक तृतीयांशानं वाढतो. अटींचा मजकूर बदलला असेल तर त्या पुन्हा मान्य कराव्या लागतात. ही सूचना कुणी वाचत नाही. सगळ्यात वाईट चूक म्हणजे पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ठेवून ओजेएसमध्ये नुसता दुवा देणं. मग गाठोडीत दुवाच जातो, लेख जात नाही.

खात्री करायची ती कीपर्स रजिस्ट्री या ऑनलाइन नोंदवहीत. तिथे आयएसएसएन टाकला की कोणता खंड कुठल्या संग्रहात आहे ते दिसतं. 'आमचं जर्नल जतन होतं' हे वाक्य धोरणाच्या पानावर त्यानंतरच लिहावं.

परवान्याबद्दल थोडक्यात: प्रत्येक लेखाच्या पानावर आणि पीडीएफमध्येही क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना लिहिलेला असू द्या. जर्नल बंद पडल्यावर संग्रहानं लेख खुला करायचा, तर हक्क कुणाचे हे विचारायला तिथे कुणी उरलेलं नसतं.

आता मराठीची खास गोची. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. अशी पीडीएफ पडद्यावर सुंदर दिसते, पण मजकूर उचलून नोटपॅडमध्ये चिकटवला की नुसता रोमन कचरा. पीडीएफ/ए-२यू या जतनासाठीच्या पीडीएफ प्रकारात प्रत्येक चिन्हाची युनिकोड जोडणी सक्तीची आहे. तरी जुन्या फॉन्टची ही फाइल व्हेरापीडीएफ या पीडीएफ/ए तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तपासणीत पास होऊ शकते. तपासणी पाहते ती जोडणी आहे की नाही एवढंच. 'क'च्या आकाराला भलतंच रोमन अक्षर जोडलंय, हे तिला कसं कळावं? पन्नास वर्षांनी चित्र शाबूत मिळेल, पण शोध लागणार नाही. युनिकोडमधल्या पीडीएफही पूर्ण निर्दोष नसतात: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार उचलताना जागा सोडतात.

म्हणून नव्या लेखांसाठी मूळ वर्ड (डॉक्स) फाइल जपाच, आणि जमलं तर पीडीएफच्या जोडीला एचटीएमएल किंवा जॅट्स (जर्नल-लेखांसाठीचा प्रमाणित साचा) एक्सएमएलही प्रसिद्ध करा. जुन्या अंकांची मूळ पीडीएफ बदलू नका. मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं मुद्रितशोधकाकडून तपासून घ्या (कन्व्हर्टर नेमका तिथेच घोटाळा करतो) आणि लेखाच्या पानावर दुसरी गॅली (वाचकाला मिळणारी फाइल) म्हणून जोडा. मग स्थितीच्या पानावर तो अंक पुन्हा संग्रहाकडे गेला की नाही, ते पाहा.