दोन म्हणजे दोन

दार उघडेल त्याला प्रश्न विचारायचे आणि मोकळं व्हायचं, हा मोह आमच्या कामात दारोदार होतो. त्या घरी तर दार उघडणारे आजोबा स्वतःच खुर्ची ओढून बसले. सार्वजनिक सेवांबद्दल लोकांना काय वाटतं, याची पाहणी सरकारने आमच्या संस्थेकडून करवून घेतली होती आणि आजोबांकडे मतांचा तुटवडा नव्हता.

घरातल्या प्रौढांची यादी मी टॅबलेटवर भरली. टॅबलेटने निवडली ती धाकटी सून.

"तिला काय विचारता? कुटुंबप्रमुख मी आहे. घरातलं सगळं मला माहीत असतं."

ही अडचण जुनी आहे. घरातल्या कोणाशी बोलायचं हे प्रगणकाच्या किंवा घरच्यांच्या मर्जीवर राहू नये, म्हणून लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली एक पद्धत मांडली: घरातल्या प्रौढांना लिंग आणि वय पाहून क्रमांक द्यायचे आणि तक्ता सांगेल त्यालाच गाठायचं. आता तक्त्याचं काम टॅबलेट करतो, नियम तोच. निवडलेलं माणूस घरी नसेल तर पुन्हा यायचं, त्याच्या जागी दुसऱ्याला बसवायचं नाही. कारण दार उघडतात ते बहुधा दिवसभर घरी असणारे, आणि पुढे होऊन बोलतात ते ज्यांना घरात बोलायची मुभा आहे ते.

एवढं पुराण मी आजोबांना लावलं नाही. "आजोबा, मशीन दुसरं नाव घेतच नाही," इतकंच म्हटलं. मशीनपुढे माणसं जितक्या लवकर नमतात, तितकी नियमापुढे नमत नाहीत.

सून हात पुसत बाहेर आली. आत बसून बोलूया का, असं मी विचारून पाहिलं. "इथंच बसा की, आम्ही काय परके आहोत?" आजोबा म्हणाले. झालं, त्यांच्या देखतच सुरुवात करावी लागली.

सरकारी आरोग्य केंद्रातल्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?

"समाधानी," ती म्हणाली. नजर जमिनीवर.

कर्मचाऱ्यांची वागणूक? "चांगली." औषधं मिळतात का? तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "मिळतात की," ते म्हणाले. "मिळतात," ती म्हणाली. मी निमूटपणे खुणा करत होते. उत्तरदात्याच्या तोंडून जे आलं ते नोंदवायचं. 'मुलाखतीच्या वेळी इतर कोणी हजर होतं का' या रकान्यात मात्र 'होय' टिपून ठेवलं.

पुढच्या भागाला शो-कार्ड होतं. जाड कागद, त्यावर प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराचे पर्याय, प्रत्येक पर्यायापुढे आकडा. सगळे पर्याय लक्षात ठेवावे लागू नयेत म्हणून ते हातात द्यायचं असतं. मुरलेल्या प्रगणकांना त्याचा दुसरा उपयोगही ठाऊक असतो: उत्तर नुसत्या आकड्यात आलं, की शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

"ताई, फक्त आकडा सांगा," मी म्हटलं.

तिने कार्ड मांडीवर घेतलं आणि ओळींवरून बोट फिरवत वाचलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तिला कळलं होतं.

गेल्या वेळी लिहून दिलेली औषधं केंद्रातच मिळाली का? "चार." चार म्हणजे एकही मिळालं नाही. तपासणीसाठी किती वेळ थांबावं लागलं? "पाच." तीन तासांहून जास्त. तुम्ही आजारी पडलात तर दवाखान्यात जायचं की नाही, हे बहुतेक वेळा कोण ठरवतं? "दोन."

आजोबा पुढे सरकले. "दोन म्हणजे काय?"

"दोन म्हणजे दोन," ती म्हणाली आणि कार्ड पालथं घातलं.

दोनपुढे 'सासू-सासरे' असं छापलेलं होतं.

मघाचं 'समाधानी' तिने निव्वळ सासऱ्यांसाठी म्हटलं, असंही मला वाटत नाही. आणखी काही सांगायचंय का, या शेवटच्या मोकळ्या प्रश्नाला ती म्हणाली, "नर्सबाई बोलायला चांगल्या आहेत हो. नाहीतर एवढं तरी कोण बोलतं?" समाधान हे अपेक्षेच्या मापाने मोजलं जातं. अपेक्षाच वितभर असली की औषधं विकत आणूनही माणूस समाधानी राहतं. म्हणून मी 'तुम्हाला कसं वाटतं'पेक्षा 'गेल्या वेळी काय झालं' या प्रश्नावर जास्त विसंबते.

अहवालाच्या बैठकीत नेमका हाच वाद निघाला. समाधानी म्हणणारे भरपूर, आणि त्यांच्यातच औषधं बाहेरून आणणारेही भरपूर. अधिकाऱ्यांना एकच आकडा हवा होता. दोन आकडे जुळत नाहीत तर नमुना मोठा घ्या, म्हणजे आणखी लोकांना विचारा, असं त्यांनी सुचवलं. त्यावर आमच्या वरिष्ठांनी १९३६ ची अमेरिकेतली गोष्ट काढली. एका साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी वीस लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा केल्या, रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. चुकीच्या लोकांना विचारलं, किंवा फक्त उत्साही लोकांनीच उत्तरं पाठवली, तर संख्या वाढवून काही साधत नाही. नीट निवडलेल्या हजारेक लोकांच्या नमुन्यात चूक साधारण तीन टक्के इकडेतिकडे धरतात. पण ती फक्त निवडीतल्या योगायोगाची. खुर्चीवर बसलेले आजोबा त्या तीन टक्क्यांत येत नाहीत.

पुढच्या फेरीत समाधानाचा प्रश्नही कार्डावरच घ्यायचा, हे लगेच मान्य झालं. खरी ओढाताण झाली ती पहिल्या पानावरून. औषधांचा आकडा परिशिष्टात टाका, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. तो समाधानाच्या आकड्याखालीच हवा, असं आमचं. मग तो खाली चालेल पण अक्षरं बारीक हवीत, इथवर गाडी आली. चहा दोनदा झाला. शेवटी दोन्ही आकडे पहिल्या पानावर, एकाच टायपात गेले.