शेवटचे १.८ सेकंद

तबकडी कापणं हा माझा धंदा. बँडचं तयार रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं, मी लेथवर लॅकरच्या चकतीत त्याची खाच कोरतो, आणि त्या चकतीवरून पुढे साचे बनतात. हेवी मेटल वाजवणाऱ्या बँडवाल्यांशी माझं नेहमी एकाच गोष्टीवरून वाजतं: त्यांना सगळंच मोठ्ठं हवं असतं. आवाज मोठा की खाच रुंद, खाच रुंद की जागा कमी. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसवायची तर कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो.

हा अल्बम मात्र वेगळ्याच कारणाने अडला. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकच गोष्ट: दीपगृहाचा रखवालदार दिवा फिरता राहावा म्हणून रात्र रात्र जागतो आणि हळूहळू भ्रमिष्ट होतो. शेवटच्या गाण्यात यंत्र बंद पडायला लागतं आणि सगळे तुटून पडतात. गायकाची किंचाळी, दोन गिटार, वर ड्रमर दोन्ही हातांनी क्रॅश झांजा झोडपतोय. अल्बमचा सगळ्यात भडक भाग बी बाजूच्या अगदी आतल्या कडेला, आणि तबकडी सगळ्यात दुबळी असते ती तिथेच. फेरे तेवढेच, मिनिटाला ३३⅓. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. झांजांचे बारीक कंप तेवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसतात आणि सुईला ते धड वाचता येत नाहीत. एरवी मी सांगतो, शेवटी एखादं शांत गाणं टाका. इथे ती सोय नव्हती. रखवालदार आधी वेडा होऊन मग नोकरीला कसा लागणार?

चाचणीची चकती कापायला घेतली. सुईमागून निघणारा केसासारखा काळा तंतू नळीत खेचला जात होता, आणि ड्रमर तो टक लावून बघत होता. वाजवून पाहिलं तर शेवटच्या मिनिटात झांजांची निव्वळ वाळू झालेली.

गायकाला ते चक्क आवडलं. "भिंग फुटतंय असंच वाटतंय की!"

"या सुईवर वाटतंय," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या सुईवर नुसती खरखर वाटेल, आणि शिव्या मला बसतील."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बासवाला म्हणाला, "शेवटचा रिफ, तोच तो परत परत येणारा गिटारचा तुकडा, संपूच दिला नाही तर? तिथेच फिरत राहिला तर?"

करता येतं. लेथ पुढे सरकायची थांबवली की खाच स्वतःलाच येऊन मिळते. बीटल्सनी १९६७ मध्येच 'सार्जंट पेपर' अल्बमच्या शेवटी असं केलं होतं. पण एक फेरा म्हणजे बरोबर १.८ सेकंद. यांचा रिफ मिनिटाला १४० ठोक्यांच्या लयीत, चार ठोके १.७१ सेकंदांत आटोपणारे. दर फेऱ्याला लंगडला असता.

ड्रमरने गाण्यांच्या यादीच्या पाठीमागे हिशेब मांडला. "१३३⅓ हवं." मग स्वतःशीच हसला. जुन्या दीपगृहांत भिंग फिरवणारं यंत्र वजनावर चाले, रखवालदार त्याला पुन्हा पुन्हा चावी देत राही. "चावी उतरत आल्यावर यंत्र मंदावणारच. मी मात्र तिथे घोडे दामटतोय."

त्यांनी शेवटची सोळा आवर्तनं पुन्हा रेकॉर्ड केली. लय हळूहळू खाली येते आणि शेवटच्या आवर्तनात बरोबर १३३⅓ वर टेकते. मी न सांगता ड्रमरने क्रॅश पार काढून टाकले होते. मंदावणाऱ्या यंत्राला झांजा कशाला, फ्लोअर टॉमवर, म्हणजे जमिनीवरच्या मोठ्या ढोलावर, एकेक ठोका. माझी आतल्या कडेची डोकेदुखी त्यातच मिटली. कालपर्यंत मी झांजांची धार कापायची कशी याच विवंचनेत होतो.

खाचेचा सांधा मात्र सहज जुळला नाही. पहिल्या खेपेला टक्, दुसऱ्या खेपेलाही टक्. चाचणीच्या तिसऱ्या चकतीवर सुई त्या वर्तुळात शिरली आणि चार ठोके, पुन्हा चार ठोके, कुठे जोड आहे ते मलाही कळेना. पाचही जण लेथभोवती उभे. सुई कुणी उचलेना. शेवटी मीच उचलली, बाहेर पुढचं गिऱ्हाईक ताटकळलं होतं.