जुन्या गाडीची पाच चाकं तपासताना

गाडी घेतली तेव्हा माझं सगळं लक्ष इंजिनाकडे होतं. चाकं पाच आहेत आणि नीट रंगवलेली आहेत, एवढंच पाहिलं. १९५०च्या दशकातली गाडी, प्रेस केलेल्या पोलादी पत्र्याची साधी चाकं. नवे टायर घालायचे म्हणून जुने उतरवले, आणि आतल्या बाजूने बोट फिरवताना रंगाखाली उंचवटे लागले. पाचपैकी तीन चाकं कधीतरी दुरुस्त झाली होती. कुणी केली, कधी केली, कशासाठी केली, याची कुठेच नोंद नव्हती.

ओळखीच्या एका ज्येष्ठ वेल्डर काकांकडे चाकं नेली आणि विचारलं, "काका, हे वेल्डिंग पक्कं आहे का?" त्यांनी वेल्डिंगकडे फारसं पाहिलंच नाही. "ते नंतर बघू. आधी सांग, हे नेमकं इथेच का तुटलं?"

या प्रश्नाने माझी तपासणीच बदलली. खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली, तर ती एका क्षणाची गोष्ट असते. स्टडच्या (ज्या बोल्टांवर चाक बसवून नट आवळतात त्यांच्या) भोकापाशी गेलेला तडा मात्र वर्षानुवर्षांच्या थकव्याचा असतो. चाकाच्या प्रत्येक फेरीला डिस्कवरचा, म्हणजे रिमच्या आतल्या मधल्या पत्र्यावरचा, ताण एकदा वाढतो आणि उतरतो. टायरचा घेर दोन मीटर धरला तर किलोमीटरमागे ५०० फेऱ्या, म्हणजे १०,००० किलोमीटरला ५० लाख. असा तडा भरून काढला तरी तो पाडणारा ताण तिथेच राहतो. शिवाय भरलेला धातू संपून मूळ पत्रा सुरू होतो त्या कडेला नवा तडा धरायला जागा मिळते. म्हणून मी वेल्डिंगपेक्षा त्याच्या शेजारचा पत्रा जास्त बारकाईने पाहू लागलो.

पहिल्या चाकाचा निकाल लवकर लागला. रिमची कड ठोकून सरळ केलेली होती, वेल्डिंग अजिबात नव्हतं. हातोड्याचे वण दिसायला वाईट होते, पण डायल गेज (डगमग मोजणारं मापक) लावून फिरवलं तर चाक बऱ्यापैकी सरळ, न डगमगता फिरत होतं आणि कडेला कुठे चीर नव्हती. ते स्टेपनीला ठेवलं.

दुसऱ्या चाकाच्या उंचवट्यावर कानस मारली तर पिवळा धातू निघाला. डिस्क आणि रिम जिथे जुळतात तिथला तडा पितळेने भरला होता. पितळ वरून छान पसरतं, पण खालचा तडा पुढे सरकायचा थांबला की नाही हे कळायला मार्ग नाही. तिथे पोलादाचं वेल्डिंग करायचं तर आधी सगळं पितळ खणून काढावं लागतं. चाकासारख्या जागी तो खटाटोप करायचाच नाही, असं काका म्हणाले आणि मला ते पटलं. चाक बाद.

तिसरं चाक तिघांत सगळ्यात देखणं होतं. स्टडची भोकं झिजून लांबट झाली असावीत, कारण प्रत्येक भोकावर जाड वॉशर बसवून भोवती सुबक वेल्डिंग केलं होतं. दोन गोष्टी मला आधीच खटकल्या. वॉशरच्या जाडीमुळे नटाला स्टडचे आटे कमी मिळत होते. निदान स्टडच्या व्यासाइतके तरी आटे नटात हवेत. दुसरं म्हणजे अशा डिस्कमध्ये भोकांभोवतीचा भाग किंचित खोलगट असतो. नट आवळला की तो स्प्रिंगसारखा दबतो आणि नटाला धरून ठेवतो. वॉशर जोडल्याने तो दबणं बंद होतं.

हे चाक मी उत्साहाच्या भरात आधीच सँडब्लास्टिंगला देऊन बसलो होतो. मग डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने तडे शोधायची चाचणी) केली: लाल द्रव लावून वीस मिनिटं थांबलो, ओलसर फडक्याने पुसलं (द्रावण थेट फवारलं तर चिरेतला रंगही धुऊन जातो), वरून पांढरा थर दिला. एकही लाल रेघ उमटली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. काकांनी विचारलं, "वाळू मारलीस ना याला?" वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग ठेचला जातो आणि बारीक चिरांची तोंडं मिटतात, मग लाल द्रव आत शिरणार कसा? रंग रसायनाने उतरवायला हवा होता. ही चूक माझीच.

पोलाद असल्यामुळे दुसरा मार्ग होता. तपासणी करणाऱ्या वर्कशॉपमध्ये चाक चुंबकित करून त्यावर लोखंडी कण सोडले. एका दिशेने काहीच दिसलं नाही. चुंबकाची दिशा काटकोनात बदलल्यावर कण एका रेषेत गोळा झाले. वॉशरखालून निघालेली रेघ शेजारच्या भोकाकडे चालली होती. अॅल्युमिनियमच्या चाकाला ही परीक्षा चालत नाही.

एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. ट्यूबच्या टायरमध्ये हवा ट्यूब धरून ठेवते, त्यामुळे रिमला आरपार तडा गेला तरी हवा उतरत नाही, काही जाणवतच नाही. या चाकांवर मी घरच्यांना बसवून फिरवलं होतं.

त्याच मॉडेलची, वेल्डिंगचा डाग नसलेली दोन चाकं शोधली. ती रसायनाने साफ केली, तपासली, मगच रंगवली. पहिल्या फेरीनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) सगळे नट पुन्हा पाहिले.

बाद झालेली दोन्ही चाकं तशीच भंगारात द्यायला मन धजेना. कुणीतरी पुन्हा रंगवून विकेल. ती ग्राइंडरने कापली. तिसऱ्या चाकाचा वॉशर उडवून तड्यावर हातोडा मारला तेव्हा पत्रा दुभंगला. तुटलेला बहुतेक भाग जुन्या गंजाने काळपट तपकिरी झाला होता. ताजा, चकाकता पत्रा टोकाला उरला होता, माझ्या करंगळीच्या नखाएवढा.